स्विचमधील पुनरुक्ती : केसमध्ये काय ठेवावे आणि काय बाहेर काढावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सहकारी पतसंस्थेच्या प्रणालीचा जावामधील कोड प्रश्नकर्त्यांकडे देखभालीसाठी आला आहे. तिमाही व्याज आकारणीच्या मेथडमध्ये, म्हणजे कोडच्या तेवढ्या कामापुरत्या भागात, ठेवीच्या प्रकारावर एक मोठा स्विच आहे : प्रकार पाहून अनेक वाटांपैकी एक निवडणारी रचना, आणि त्यातली प्रत्येक वाट म्हणजे एक केस. बचत, दैनिक म्हणजे पिग्मी, आवर्त, मुदत, पुनर्गुंतवणूक आणि दामदुप्पट अशा सहा केसेस त्यात आहेत. प्रत्येक केस वीस-बावीस ओळींची असून त्यांतल्या बहुतेक ओळी शब्दशः सारख्या आहेत. नवी ठेव योजना आली की जुनी केस कॉपी करून खाली चिकटवायची, अशी तिथली पद्धत पडली आहे. हा स्विच काढून प्रत्येक प्रकारासाठी वेगळा क्लास (माहिती आणि तिच्यावरच्या मेथड्स एकत्र ठेवणारा घटक) करावा, की मॅपमध्ये (नावावरून वस्तू शोधून देणाऱ्या कोष्टकात) फंक्शन्स ठेवावीत, असे कोडचा एक तुकडा सोबत देऊन त्यांनी विचारले आहे.

क्लास की मॅप हा मुद्दा थोडा नंतर घेतो, कारण खरी अडचण त्याच्या आधीची आहे. स्विचमुळे पुनरुक्ती होत नाही. सहांपैकी एक वाट निवडणे एवढेच त्याचे काम. तुमच्या केसेसमध्ये मात्र या निवडीबरोबर चार निरनिराळी कामे येऊन बसली आहेत : खाते व्याजास पात्र आहे का हे पाहणे, दर ठरवणे, व्याजाची रक्कम काढणे आणि ती रक्कम जमाखर्चात नोंदवणे. यांपैकी ठेवीच्या प्रकारानुसार खरोखर बदलते ते मुख्यतः तिसरे काम. उरलेली तीन सहा-सहा वेळा लिहिली गेली आहेत, ती केवळ केसच्या आत लिहिली गेल्यामुळे. आहे तोच कोड सहा क्लासेसमध्ये वाटून टाकला, तर पुनरुक्ती तेवढीच राहील आणि सहा फायलींत विखुरल्यामुळे डोळ्यांना दिसेनाशी होईल. आज ती निदान एका पडद्यावर शेजारीशेजारी दिसते आहे, आणि पुढच्या कामासाठी ते सोयीचेच आहे.

कोणता उपाय कुठवर न्यावा हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे. ठेवीच्या प्रकारावरचा स्विच फक्त या मेथडमध्ये आहे, की पावती छापणे, मुदतपूर्व बंद करणे, वार्षिक अहवाल अशा इतर ठिकाणीही आहे? जावाची कोणती आवृत्ती वापरता? आणि नवी योजना आली की ती प्रोग्रामर कोडमध्ये घालतो, की कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी पडद्यावरून भरावी अशी संस्थेची अपेक्षा आहे? यांची उत्तरे प्रश्नात आलेली नाहीत, म्हणून त्या त्या ठिकाणी दोन्ही शक्यता सांगतो.

कोडला हात लावण्याआधी सहाही केसेस एकाखाली एक ठेवून ओळीला ओळ लावून वाचा. कॉपी केलेला कोड पहिल्या दिवशी तंतोतंत सारखा असतो; पुढे एखादी तक्रार येते, एका केसमध्ये दुरुस्ती होते आणि बाकीच्या तशाच राहतात. काही वर्षांनी ज्या ओळी सारख्या वाटतात त्यांत बारीक फरक असतात. असा प्रत्येक फरक एक तर संस्थेचा नियम असतो किंवा राहून गेलेली चूक, आणि यांपैकी काय ते कोड पाहून ठरवता येत नाही. घाईने एकत्रीकरण करणारे नेमके इथे फसतात, कारण सारख्या दिसणाऱ्या ओळी एक करताना त्यांतला एखादा नियम पुसला जातो.

तुम्ही दिलेल्या तुकड्यातच असा एक फरक आहे. मुदत ठेवीच्या केसमध्ये मूळ दराचे व्याज रुपयांत पूर्णांकित केले आहे, ज्येष्ठ नागरिकांचे अर्धा टक्का जादा व्याज वेगळे काढून तेही पूर्णांकित केले आहे आणि मग दोन्हींची बेरीज केली आहे. पुनर्गुंतवणुकीच्या केसमध्ये मात्र दोन्ही दर आधी मिळवून शेवटी एकदाच पूर्णांकन केले आहे. ₹12,345 ची ठेव, दर 7 टक्के, एप्रिल ते जूनचे 91 दिवस असे धरून पाहा. मूळ दराने व्याज ₹215.45 येते आणि जादा अर्ध्या टक्क्याचे ₹15.39. वेगवेगळे पूर्णांकित केले तर 215 आणि 15 मिळून ₹230 जमा होतात. साडेसात टक्क्यांनी एकदम काढले तर ₹230.83, म्हणजे ₹231. फरक एका रुपयाचा आहे, पण तो ज्येष्ठ ठेवीदाराच्या पासबुकात दिसतो आणि हजारो खात्यांच्या बेरजेत लेखापरीक्षकालाही दिसतो. दोन्ही केसेस एका मेथडमध्ये आणताना यांतली एक पद्धत नाहीशी होणार आहे. कोणती राहावी हे संस्थेच्या लेखा विभागाकडून लेखी घ्या आणि कोडमध्ये त्या जागी टिपणी लिहा.

त्यासाठी आधी आजचे वर्तन बांधून ठेवणाऱ्या टेस्ट, म्हणजे कोडची उत्तरे आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, हवेत. प्रत्येक ठेव प्रकाराची काही खाती घ्या : सामान्य ठेवीदार, ज्येष्ठ ठेवीदार, तिमाहीच्या मध्ये उघडलेले खाते, गोठवलेले खाते, शून्य शिलकीचे खाते. जुनी मेथड या खात्यांवर जे उत्तर देते ते, बरोबर-चूक न पाहता, टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर म्हणून लिहा. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर या टेस्ट पूर्वीसारख्याच पास झाल्या पाहिजेत. एखादे उत्तर मुद्दाम बदलायचे ठरले, जसे वरचे पूर्णांकन, तर तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये (कोडच्या इतिहासातील एका नोंदीत) करा. रचना बदलणे आणि नियम बदलणे ही दोन कामे एका कमिटमध्ये मिसळली की पुढे एखाद्या खात्याचे व्याज का बदलले हे कोणालाच सांगता येत नाही.

आता प्रत्यक्ष रचना. पहिली पायरी अगदी साधी आहे : जे सगळ्या केसेसच्या सुरुवातीला आहे ते स्विचच्या वर न्या आणि जे सगळ्यांच्या शेवटी आहे ते स्विचच्या खाली आणा. तेवढ्याने तुमच्या कोडचा निम्म्याहून अधिक भाग कमी होईल असा माझा अंदाज आहे. दुसरी पायरी म्हणजे स्विचने काही "करण्या"ऐवजी एक उत्तर "द्यावे". जावामध्ये मार्च 2020 मध्ये आलेल्या 14 व्या आवृत्तीपासून स्विच ही किंमत देणारी अभिव्यक्ती म्हणून लिहिता येते. केसपुढे बाण येतो आणि एकाच बाणासमोर स्वल्पविरामाने अनेक पर्याय देता येतात. या दोन पायऱ्यांनंतर मेथडचा सांगाडा साधारण असा दिसेल. शब्द मराठीत लिहिले आहेत, रचना जावाचीच समजावी.

पात्रता_तपासा(खाते)
दर = दर_शोधा(खाते, तारीख)
व्याज = स्विच (खाते.प्रकार)
    बचत → दैनिक_शिलकेवर(खाते, दर)
    दैनिक → मासिक_शिलकेवर(खाते, दर)
    आवर्त → हप्त्यांवर(खाते, दर)
    मुदत → सरळ_व्याज(खाते, दर)
    पुनर्गुंतवणूक, दामदुप्पट → चक्रवाढ_व्याज(खाते, दर)
नोंद_करा(खाते, पूर्णांकित(व्याज))

हा तुकडा नव्या माणसाने वाचला तर कोणत्या ठेवीला व्याज कसे लागते हे त्याला पाच ओळींत कळते. जुन्या सव्वाशे ओळींत हीच माहिती होती, पण तपासण्या आणि नोंदींच्या गर्दीत ती हाती लागत नव्हती. पुनर्गुंतवणूक आणि दामदुप्पट यांचा हिशेब एकच आहे, हेही आता उघड दिसते. पूर्वी तिथे दोन पूर्ण केसेस होत्या.

बाणाच्या स्विचचा आणखी एक लाभ आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक लिहावा लागतो. तो राहिला तर अंमल मुकाट्याने पुढच्या केसमध्ये घरंगळतो. हे वर्तन सी भाषेतून जावात आले. ब्रेक हा शब्द दिसायला निरुपद्रवी असला तरी त्याची जागा चुकल्याने मोठे नुकसान होऊ शकते. 15 जानेवारी 1990 रोजी अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचे दूरध्वनी जाळे सुमारे नऊ तास विस्कळीत झाले. त्याचे मूळ सी भाषेतील एका स्विचच्या आत, इफच्या शाखेत लिहिलेल्या ब्रेकमध्ये सापडले. त्या ब्रेकमुळे अंमल थेट स्विचच्या बाहेर गेला आणि पुढचे आवश्यक काम झालेच नाही. बाणाच्या रचनेत घरंगळणे नाही आणि म्हणून प्रत्येक केसखालची ती ब्रेकची ओळही नाही. तुम्ही अजून जावाच्या 8 व्या आवृत्तीवर असाल, तर हाच परिणाम प्रत्येक केसमधून थेट रिटर्न करणाऱ्या एका छोट्या मेथडने साधता येतो. स्विच त्या मेथडमध्ये एकटा ठेवा. दोन केसेसना एकच हिशेब लागू असेल तर त्या एकाखाली एक लिहून घरंगळू द्यायला हरकत नाही. मात्र दोहोंच्या मध्ये एकही कामाची ओळ असू नये.

यापुढचा विचार फरकाच्या स्वरूपाचा आहे. काही फरक केवळ किमतींचे असतात. बचत खात्याला ज्येष्ठ नागरिकांचा जादा दर नाही, मुदत ठेवीला अर्धा टक्का आहे. हा इफ-एल्सचा विषय नाही. जादा दर शून्य असणे हीही एक किंमतच आहे. बचतीपुढे 0 आणि मुदतीपुढे 0.50 लिहिले की हिशेबाचे सूत्र दोघांनाही एकच लागते. अशा किमती प्रकाराच्या एनममध्ये, म्हणजे ठरावीक नावांच्या बंदिस्त यादीत, प्रत्येक नावासोबत ठेवता येतात. मात्र व्याजदर एनममध्ये ठेवू नका, कारण ते संचालक मंडळाच्या ठरावाने बदलतात आणि जुन्या तारखेच्या ठेवीला जुनाच दर चालू राहतो. दर हे तारखेसह डेटाबेसच्या कोष्टकात असले पाहिजेत. कोडमध्ये काय आणि कोष्टकात काय, याची माझी कसोटी एकच आहे : ती गोष्ट बदलायला कोण येतो? कार्यालय बदलत असेल तर कोष्टक, हिशेबाची रीत बदलत असेल तर कोड. संस्थेला नव्या योजना पडद्यावरून सुरू करायच्या असतील, तर त्या योजना म्हणजे स्विचमधल्या नव्या केसेस नव्हेत. "सरळ व्याज, 400 दिवस, दर अमुक" अशी ती कोष्टकातली एक ओळ झाली आणि स्विच फक्त हिशेबाच्या पाच रीतींवर राहिला.

इथे एक पर्याय मी आवर्जून टाळायला सांगेन. पुनरुक्ती घालवायची म्हणून पुष्कळदा एकच सामाईक मेथड लिहिली जाते आणि तिला चार-पाच बूलियन, म्हणजे हो-नाही अशा किमती, पाठवल्या जातात : ज्येष्ठ आहे का, चक्रवाढ आहे का, हप्ते आहेत का, लहान रक्कम सोडायची का. बाहेरून सहा केसेस एकेका ओळीच्या दिसतात आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते, पण आत जुना स्विचच इफच्या रूपाने पसरलेला असतो. शिवाय पाच बूलियनच्या 32 जुळण्या होतात आणि त्यांतल्या सहाच अर्थपूर्ण असतात. बाकीच्या 26 पाठवल्या तरी कंपायलर (चालवण्याआधी कोड तपासून त्याचे रूपांतर करणारा प्रोग्राम) हरकत घेत नाही. सहा सरळ केसेस या मेथडपेक्षा शतपट बऱ्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्विच या एकाच मेथडमध्ये असेल, तर वरच्या पाच ओळींच्या रूपात तो राहू द्या. त्याला घालवण्यासाठी क्लास किंवा मॅप आणल्याने वाचणाऱ्याचे श्रम वाढतील, बाकी काही मिळणार नाही. तुमच्या कोडमध्ये मात्र दुसरा फरक डोके वर काढताना दिसतो. मुदत ठेवीचे व्याज ठेवीदाराच्या बचत खात्यात जमा होते, पुनर्गुंतवणुकीचे मुद्दलातच मिळवले जाते. म्हणजे नोंद करण्याच्या पायरीतही ठेवीच्या प्रकारावर निवड आहे. तिथे दुसरा स्विच येईल, आणि पावती व मुदतपूर्व बंद करण्याच्या मेथडमध्ये तिसरा-चौथा असण्याचा संभव आहे. ओळींच्या पुनरुक्तीपेक्षा ही निवडीची पुनरुक्ती अधिक घातक असते. नवी ठेव आली की चारही ठिकाणी केस घालावी लागते. तीन ठिकाणी घातली आणि एक राहिले, तर ते कळते मार्चअखेरीस, अहवाल जुळत नाही तेव्हा.

अशा वेळी निवड एकाच ठिकाणी आणावी. जावाच्या एनममध्ये प्रत्येक नावाला स्वतःची मेथड देता येते. व्याज कसे काढावे आणि जमा कुठे करावे, या दोन अमूर्त मेथड्स, म्हणजे नुसते नाव असलेल्या आणि मजकूर प्रत्येकाने स्वतः लिहायच्या मेथड्स, ठेव प्रकाराच्या एनममध्ये घोषित केल्या, तर सातवा प्रकार घालणाऱ्याला त्या दोन्ही लिहिल्याशिवाय कोड कंपाइल होत नाही. विसरभोळेपणाला जागाच उरत नाही. मात्र हिशेबासाठी सुट्ट्यांचे कॅलेंडर, दरांचे कोष्टक अशा बाहेरच्या वस्तू लागत असतील, तर एनममध्ये त्या पोहोचवणे अवघड जाते. तेव्हा एक इंटरफेस (कोणत्या मेथड्स हव्यात एवढेच सांगणारा करार) आणि प्रत्येक रीतीसाठी एक छोटा क्लास हा मार्ग योग्य. अट एवढीच, की वर-खाली काढलेली सामाईक कामे त्या क्लासेसमध्ये परत शिरता कामा नयेत.

मॅपमध्ये लॅम्डा, म्हणजे छोटी बिननावाची फंक्शन्स, ठेवण्याचा पर्याय मी सहसा शेवटी घेतो. तो आटोपशीर दिसतो आणि रीती बाहेरून, म्हणजे प्लगइनसारख्या, नोंदवायच्या असतील तर उपयोगीही आहे. पण मॅपमध्ये एखादा प्रकार भरायचा राहिला तर कंपायलर काही बोलत नाही. प्रत्यक्ष आकारणीच्या रात्री शोध रिकामा येतो. एनमवरच्या स्विच अभिव्यक्तीत डीफॉल्ट (बाकी सगळ्यांसाठीची केस) न लिहिता सगळी नावे दिली, तर राहिलेले नाव कंपायलर तिथेच दाखवतो. म्हणून अशा स्विचमध्ये "सुरक्षिततेसाठी" डीफॉल्ट घालण्याची सवय सोडा. ज्या सूचनेसाठी आपण ही रचना निवडली, तीच सूचना डीफॉल्टमुळे बंद होते. जुन्या पद्धतीच्या साध्या स्विच विधानात मात्र ही तपासणी होत नाही. तिथे डीफॉल्ट हवा आणि त्याने अपवाद फेकलाच पाहिजे, म्हणजे चूक कळवून काम थांबवलेच पाहिजे. शून्य व्याज परत करून गप्प बसणे तर मुळीच नको.

याच्या उलटही एक परिस्थिती असते. ठेवीचे प्रकार वर्षानुवर्षे तेच आहेत आणि त्यांवर करायची कामे मात्र सतत वाढत आहेत : नवे अहवाल, नवी पत्रके, नवे निर्यात नमुने. तेव्हा प्रत्येक कामासाठी प्रत्येक क्लास उघडून त्यात मेथड घालणे त्रासाचे होते आणि एका कामाचा एक स्विच हीच रचना सरस ठरते. सप्टेंबर 2021 च्या 17 व्या आवृत्तीत सील्ड इंटरफेस (ज्यांचे क्लास आधीच ठरवून बंदिस्त केलेले असतात असे) आले आणि सप्टेंबर 2023 च्या 21 व्या आवृत्तीत वस्तूच्या जातीवर, म्हणजे ती कोणत्या क्लासची आहे यावर, स्विच करण्याची सोय कायम झाली. त्यामुळे आवर्त ठेवीला हप्ता, मुदत ठेवीला मुदतपूर्तीची तारीख असे ज्याचे त्याचे तपशील देऊनही त्यांवर स्विच लिहिता येतो आणि एखादी जात राहिली तर कंपायलर अडवतो. प्रकार वाढतात की कामे वाढतात, हे तुमच्या कोडच्या इतिहासातून कळेल. गेल्या दोन-तीन वर्षांचे कमिट चाळून पाहा.

वेगाची चिंता मनात असेल तर ती बाजूला ठेवा. जावाचा कंपायलर दाट क्रमांकांच्या स्विचसाठी उडीचे कोष्टक आणि विरळ क्रमांकांसाठी शोधाचे कोष्टक तयार करतो. सहा पर्यायांत स्विच, एनम आणि क्लास यांतला फरक एका डेटाबेस वाचनापुढे नगण्य आहे. आकारणी संथ चालत असेल, तर कारण प्रत्येक खात्यासाठी वेगळी क्वेरी जाते का, यात शोधा.

तुमच्या जागी मी आधी टेस्ट लिहिल्या असत्या, मग सामाईक ओळी वर-खाली काढून स्विच पाच ओळींचा केला असता आणि तिथे थांबून तो कोड एक-दोन तिमाह्या प्रत्यक्ष चालू दिला असता. तेवढ्यात दुसऱ्या मेथडमधले स्विच शोधून मोजता येतात, आणि एनममध्ये मेथड्स हलवायच्या की नाही हे त्या शोधावरून ठरते. डेटाबेसमध्ये ठेवीचा प्रकार "एसबी", "एफडी" अशा अक्षरांत साठवलेला असेल, तर त्या अक्षरांवरचा स्विच मात्र आजच सगळीकडून काढा : अक्षरांचे एनममध्ये रूपांतर खाते वाचले जाते त्या एकाच ठिकाणी व्हावे, आणि अनोळखी अक्षरे आली तर त्या खात्याच्या क्रमांकासह आकारणी तिथेच थांबावी.